कार्ब्युरेटरचे माप : ठाणे-कल्याण परिसरातील टू-स्ट्रोक दुचाकींच्या इतिहासातील एक प्रकरण

यंत्रांचा इतिहास बहुधा कारखानदारांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परवाना केव्हा मिळाला, कारखाना कोठे उभा राहिला, कोणत्या परदेशी संस्थेशी करार झाला, यांच्या नोंदी राहतात. परंतु यंत्र विकले गेल्यानंतर ते ज्यांच्या हाती वीस-तीस वर्षे राबले, त्यांनी त्यात काय पालटले व का पालटले, याची नोंद क्वचितच कोणी ठेवतो. टू-स्ट्रोक दुचाकींचा कार्ब्युरेटर हे याचे बोलके उदाहरण होय. वीत-दीड वितीच्या आतले हे उपकरण. त्याच्या तोंडाचा व्यास मिलिमीटरांत मोजला जातो व त्या आकड्यानेच ते ओळखले जाते. मूळचा वीसचा कार्ब्युरेटर काढून चोविसाचा वा अठ्ठाविसाचा बसवावा की नाही, हा प्रश्न ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील गॅरेजांतून कित्येक वर्षे चर्चिला गेला.

या निवडीचा इतिहास पाहू जाता असे दिसते की, माप हा केवळ यंत्रशास्त्राचा प्रश्न नव्हता. ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हाही प्रश्न त्यात गुंतलेला होता. हा अधिकार प्रथम निर्मात्याकडे होता, पुढे तो गॅरेजातील कारागिराच्या हाती गेला, आणि अखेरीस कायद्याने व विद्युत्-नियंत्रित इंधनपुरवठ्याने तो त्याच्याकडून काढून घेतला. या तीन अवस्थांपैकी पहिली व तिसरी लेखी साधनांतून कळते. दुसरी, म्हणजे सर्वांत अधिक बुद्धिकौशल्याची अवस्था, जवळजवळ संपूर्णपणे मौखिक आहे.

१. वस्तू आणि तिचे माप

कार्ब्युरेटरचे तत्त्व जुने आहे. नळी अरुंद झाली की तीतून वाहणाऱ्या द्रवाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे इटालियन शास्त्रज्ञ व्हेंतुरी याने १७९७ साली मांडले. जर्मन अभियंता विल्हेल्म मायबाख याने १८९३ साली फवाऱ्याचा कार्ब्युरेटर सिद्ध केला, तो याच तत्त्वावर. एंजिन हवा ओढते. ती हवा अरुंद मार्गातून वेगाने जाताना तेथला दाब उतरतो. खालच्या वाटीतले पेट्रोल त्या उतरलेल्या दाबामुळे जेटच्या बारीक छिद्रातून वर चढते व हवेत विखुरते. पेट्रोल वर ढकलणारा कोणताही पंप येथे नाही. हवेचा वेग हीच येथील प्रेरक शक्ती होय, आणि मापाचा सारा वाद या एका गोष्टीभोवती फिरतो.

टू-स्ट्रोक एंजिनात या उपकरणाला आणखी एक जबाबदारी येते. इंग्लंडमधील जोसेफ डे याने १८९१च्या सुमारास जे साधे टू-स्ट्रोक एंजिन तयार केले, त्यात मिश्रण प्रथम दट्ट्याच्या खाली, क्रँकच्या पेटीत येते व तेथून वर सिलिंडरात जाते. या पेटीत वंगणाचे तेल साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते, किंवा वेगळ्या पंपाने आत सोडावे लागते. पेट्रोलमध्ये तेल मिसळलेल्या गाडीत जेट गरजेपेक्षा लहान झाला तर पेट्रोलबरोबर तेलही कमी पडते. एंजिन तापते, वंगण घटते, आणि दट्ट्या सिलिंडरला चिकटतो. चार-स्ट्रोक गाडीत जी चूक केवळ मंदपणाला कारण होते, ती येथे एंजिनाचा घात करते. जेट निवडताना जाणता कारागीर नेहमी मोठ्याकडून लहानाकडे येतो, उलट कधीच जात नाही, याचे कारण हेच.

माप या शब्दाचा अर्थही सर्वत्र एक नाही. सरकत्या झडपेच्या कार्ब्युरेटरात मुख्य मार्गाचा व्यास हेच माप मानतात. व्हेस्पा स्कूटरच्या डेल'ऑर्तो कार्ब्युरेटरांवर मात्र २०/१५, २०/१७, २४/२४ असे दोन-दोन आकडे आढळतात; त्यांतील दुसरा आकडा आतल्या अरुंद भागाचा असतो. केवळ पहिला आकडा पाहून दोन कार्ब्युरेटर समान मानणाऱ्याची येथे फसगत होते.

२. निर्मात्याचे माप

ठाण्याच्या सीमेलगत भांडुप येथे ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीचा कारखाना होता. १९४९ साली स्थापन झालेल्या या कंपनीने १९५०च्या दशकात इटलीतील इनोचेन्ती कंपनीच्या लँब्रेटा स्कूटरची जुळणी सुरू केली. त्याच सुमारास बच्छराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन व्हेस्पा आयात करीत होती. १९५९ साली तिला उत्पादनाचा परवाना मिळाला आणि पुढे बजाज ऑटोच्या आकुर्डी येथील कारखान्यातून या स्कूटर बाहेर पडू लागल्या. १९६१ साली मुंबईच्या इराणी बंधूंच्या पुढाकाराने म्हैसूर येथे जावा मोटारसायकलीचे उत्पादन सुरू झाले. १९६२ साली एस्कॉर्ट्सची राजदूत आली. तिचा आराखडा पोलंडमधील होता. इटली, झेकोस्लोव्हाकिया व पोलंड अशा तीन देशांच्या अभियांत्रिकी परंपरा दहा-बारा वर्षांत येथील रस्त्यांवर येऊन पोहोचल्या. या सर्व गाड्या टू-स्ट्रोक होत्या.

हाच काळ या परिसराच्या औद्योगिकीकरणाचा होय. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले व ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची आरंभीची औद्योगिक वसाहत ठरली. त्याच दशकात डोंबिवलीतही वसाहत उभी राहिली. लेथवर काम करणारा, धातू कातणारा, छिद्र शतांश मिलिमीटरांत मोजणारा कारागीरवर्ग येथे तयार झाला. पुढे कार्ब्युरेटरचे जोडतोंड कातून देणे, जेट बारीक रीमरने वाढविणे ही कामे ज्या सहजतेने होऊ लागली, तिचा उगम या वसाहतींत शोधला पाहिजे.

निर्मात्याने ठरविलेले माप म्हणजे अनेक अपेक्षांमधली तडजोड असते. लँब्रेटाचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. तिसऱ्या मालिकेच्या १५० घन सेंटिमीटरच्या एंजिनास इनोचेन्तीने १८ मिमीचा कार्ब्युरेटर दिला. २०० घन सेंटिमीटरच्या एसएक्स प्रकारास २० मिमीचा दिला, आणि त्यानंतरच्या जीपी २०० या प्रकारास २२ मिमीचा दिला. शेवटच्या दोहोंची क्षमता एकच असूनही मापात फरक आहे. नव्या गाडीकडून वेगाची अपेक्षा वाढली, म्हणून माप वाढले. यावरून असे दिसते की, माप एंजिनाच्या आकारमानावरून आपोआप निघत नाही. ते त्या गाडीकडून अपेक्षिलेल्या कामावरून निघते.

भारतात या अपेक्षांमध्ये काटकसरीला पहिले स्थान होते. १९७३च्या तेलसंकटानंतर तर प्रत्येक खरेदीदार प्रथम 'अॅव्हरेज किती देते' हेच विचारू लागला. एस्कॉर्ट्सने १९८३ साली यामाहाच्या आरडी ३५० या गाडीची आवृत्ती राजदूत ३५० या नावाने बाजारात आणली. मूळ गाडीची ३९ अश्वशक्ती येथे ३०.५वर आणली गेली, आणि नंतरच्या एका प्रकारात २७वर. तरीही ही गाडी पेट्रोल फार खाते, या तक्रारीतून सुटली नाही व दशक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. निर्मात्याने शक्ती मुद्दाम आवरून ठेवली आहे, ही जाणीव याच काळात तरुण चालकांत रुजली. आवरून ठेवलेली शक्ती मोकळी करता येईल, हा पुढला विचार स्वाभाविकच होता.

३. कारागिराचे माप

हा विचार फळाला आला तो १९८५ साली आलेल्या यामाहा आरएक्स १०० या गाडीवर. ९८ घन सेंटिमीटरचे एंजिन, ११ अश्वशक्ती, हलके वजन आणि २० मिमीचा मिकुनी कार्ब्युरेटर अशी तिची घडण होती. मिकुनी या जपानी कंपनीने १९६०च्या सुमारास अमाल या इंग्रजी कंपनीकडून परवाना घेतला होता. त्यामुळे अमालचा कार्ब्युरेटर हाताळलेल्या जुन्या मेकॅनिकास मिकुनीची रचना अनोळखी वाटली नाही. सरकती झडप, तिला जोडलेली निमुळती सुई, सुई वरखाली करण्यासाठी पाच खाचा, मंद चालीचा छोटा जेट, पूर्ण चालीचा मोठा जेट व हवेचा स्क्रू, हे सारे भाग हाताने सोडविता येण्याजोगे होते. गाडी ज्याच्या हाती, त्याला फेरफाराचे आमंत्रणच होते.

सर्वांत लोकप्रिय झालेला फेरफार म्हणजे मोठा कार्ब्युरेटर बसविणे. आरडी ३५०चा २८ मिमीचा कार्ब्युरेटर आरएक्सला लावण्याची हौस महाराष्ट्रभर दिसून येत असे. या फेरफाराचा परिणाम आकड्यांनी तपासून पाहता येतो.

२० मिमी व्यासाच्या मार्गाचे क्षेत्रफळ ३१४ चौरस मिलिमीटर भरते, २४ मिमीचे ४५२ आणि २८ मिमीचे ६१६. व्यास २०वरून २८वर गेला की क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होते. आता ९८ घन सेंटिमीटरचे टू-स्ट्रोक एंजिन मिनिटाला ७,५०० फेऱ्या घेत असता आदर्श स्थितीत सेकंदाला सुमारे १२ लिटर हवा ओढील. ही हवा २० मिमीच्या मार्गातून सरासरी ३९ मीटर प्रतिसेकंद या वेगाने जाईल, २४ मिमीच्या मार्गातून २७ मीटरने व २८ मिमीच्या मार्गातून २० मीटरने. प्रत्यक्षात प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो. तथापि तुलनेपुरते हे आकडे पुरेसे आहेत. दाबातील उतार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणून २८ मिमीच्या मार्गात पेट्रोल वर खेचणारा उतार मूळच्या सुमारे एक-चतुर्थांशावर येतो. तेच पेट्रोल वर यावे तर मोठा जेट घालावा लागतो. तरीही २,५०० फेऱ्यांवर, म्हणजे डोंबिवली स्थानकाबाहेरच्या गर्दीत, हवेचा वेग सेकंदाला सात मीटरांच्याही खाली राहतो. एवढ्या मंद हवेत पेट्रोलचे थेंब नीट फुटत नाहीत. मूठ पिळली की गाडी क्षणभर घुसमटते आणि मग एकदम उसळते.

तोच २८ मिमीचा कार्ब्युरेटर आरडी ३५०वर मात्र सुखाने चालतो. त्या गाडीचा प्रत्येक सिलिंडर सुमारे १७३ घन सेंटिमीटरचा असून त्याला स्वतंत्र कार्ब्युरेटर आहे. ७,००० फेऱ्या धरल्या तर तेथे हवेचा वेग सुमारे ३३ मीटर येतो. म्हणजे मोठ्या गाडीचे माप लहान गाडीला लावल्याने मोठ्या गाडीची शक्ती येत नाही. मोठ्या गाडीत जो वेग मिळत होता, तोच नेमका हरवतो. मोठ्या मापाचा लाभ एंजिनाने अधिक हवा ओढली तरच पदरी पडतो. त्यासाठी सिलिंडरातील वाटा कोरून उंचवाव्या लागतात, झडपेची पाती बदलावी लागतात आणि धुराड्याचा आकार पालटावा लागतो. धुराड्यातील ध्वनिलहरींचा उपयोग करून सिलिंडरात अधिक मिश्रण कोंडण्याची विद्या पूर्व जर्मनीच्या एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन याने १९५०च्या दशकात वाढविली. १९६१ साली त्याचा चालक एर्न्स्ट डेग्नर पश्चिमेस पळाला व सुझुकीस जाऊन मिळाला. त्याच्याबरोबर ती विद्या जपानला गेली. कार्ब्युरेटर हा या साखळीचा केवळ एक दुवा आहे.

आरएक्सवर आणखी एक अडचण होती. या गाडीत तेलासाठी वेगळा पंप असून मुठीची तार दुभंगून एक टोक कार्ब्युरेटरला व दुसरे पंपाला जाते. परका कार्ब्युरेटर बसविताना तारेची लांबी चुकली तर मूठ पूर्ण पिळली असताही पंप अर्धाच उघडतो. अधिक पेट्रोल, अधिक उष्णता आणि अपुरे तेल, असा संयोग होऊन दट्ट्या चिकटतो. जोडतोंडाचा व्यास लहान ठेवून पुढे मोठा कार्ब्युरेटर लावला तर मध्ये पायरी राहते आणि मोठ्या मापाचा अर्थच उरत नाही. 'अठ्ठावीस लावला नि पिस्टन गेला' अशा अनुभवांचे मूळ बहुधा कार्ब्युरेटरात नसून या दोन जोडांत असे.

४. मातीच्या वाटेवरचे माप

मापाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो तो मातीच्या, उंचसखल वाटेवर धावणाऱ्या दुचाकींत. मोटोक्रॉस या क्रीडाप्रकारात १९६०च्या दशकात टू-स्ट्रोक एंजिनांनी चार-स्ट्रोकांना मागे टाकले. झेकोस्लोव्हाकियाच्या सीझेड गाडीवर जोएल रोबेर याने १९६४ साली २५० गटाचे जगज्जेतेपद मिळविले आणि पॉल फ्रिड्रिक्स याने १९६६ साली ५०० गटाचे. म्हैसूरची जावा ज्या देशाच्या परंपरेतून आली, त्याच देशाच्या या गाड्या होत्या. तथापि भारतातील मातीच्या शर्यतींत दीर्घकाळ रस्त्यावरच्याच गाड्या फेरफार करून उतरविल्या जात. पुणे व नाशिक येथे अशा स्पर्धा होऊ लागल्यावर मुंबई-ठाणे पट्ट्यातील हौशी चालकांना त्या जवळच्या झाल्या.

मातीच्या गाड्यांची मापे शेजारी ठेवून पाहिली असता एक विसंगती दिसते. यामाहाने २०२२ साली नव्याने मांडलेल्या वायझेड १२५ या मोटोक्रॉस गाडीला ३८ मिमीचा कार्ब्युरेटर आहे. तिच्या दुप्पट क्षमतेच्या वायझेड २५०लाही ३८ मिमीचाच आहे. उलट गॅस गॅस या स्पॅनिश कंपनीच्या ३०० घन सेंटिमीटरच्या ट्रायल गाडीस अवघा २८ मिमीचा कार्ब्युरेटर बसविलेला आढळतो. सव्वाशेला अडतीस आणि तीनशेला अठ्ठावीस, हे प्रथमदर्शनी उलटे वाटते. उलगडा कामाच्या स्वरूपात आहे. मोटोक्रॉसची सव्वाशेची गाडी मिनिटाला दहा-अकरा हजार फेऱ्यांवर धावते. तिला मंद चालीचे सोयरसुतक नाही. ट्रायलची गाडी खडकांवरून, ओढ्यांतून, पाय न टेकता चालीच्या वेगाने न्यायची असते. तिला मूठ किंचित पिळताच तत्काळ व मृदू प्रतिसाद हवा असतो. म्हणून क्षमता जवळजवळ अडीचपट झाली तरी माप लहान ठेवून हवेचा वेग टिकविला जातो. कारागिराच्या हाती आलेल्या प्रत्येक गाडीला हाच प्रश्न विचारावा लागे : ही गाडी कोठे व कोणत्या चालीने धावणार आहे?

ठाणे-कल्याणच्या भूगोलाने या प्रश्नाला एक स्थानिक पदर दिला. कल्याण समुद्रसपाटीपासून काही मीटरच उंच आहे. मुरबाडमार्गे माळशेज घाट चढून गेले की उंची ७०० मीटरच्या आसपास जाते, आणि कसाऱ्याहून इगतपुरीस जाताना सुमारे ६०० मीटर होते. ६०० मीटर उंचीवर हवेची घनता समुद्रकाठच्या सुमारे ९४ टक्के राहते. कार्ब्युरेटर हवेचे आकारमान जाणतो, वजन जाणत नाही. हवा सहा टक्क्यांनी विरळ झाली तरी पेट्रोल सुमारे तीनच टक्क्यांनी घटते, म्हणून मिश्रण तीनेक टक्क्यांनी जड होते. डोंबिवलीत बिनचूक जुळविलेली गाडी नाशिकच्या शर्यतीत किंचित सुस्तावते, याचे कारण हे. उलट नाशिक वा पुण्याच्या उंचीवर काटेकोर जुळविलेली गाडी तशीच खाली कोकणपट्टीत आणून भरवेगाने पळविली तर मिश्रण हलके पडते. धोका या दुसऱ्या प्रकारात अधिक आहे. पावसाळ्याचाही परिणाम होतो. तीस अंश तापमानाच्या संपृक्त हवेत सुमारे चार टक्के जागा बाष्पच व्यापते आणि तेवढा प्राणवायू कमी मिळतो. जेटचा एक क्रमांक ऋतूप्रमाणे वरखाली करण्याचा जो प्रघात चालकांत आढळतो, तो केवळ समजुतीचा नाही.

पाण्याचा उपद्रव वेगळाच. पाणी पेट्रोलपेक्षा जड असल्याने वाटीच्या तळाशी बसते, आणि मुख्य जेटचे तोंड तेथेच असते. म्हणून चमचाभर पाण्यानेही गाडी बंद पडते. २६ जुलै २००५च्या प्रलयात उल्हास नदीकाठचे बदलापूर व कल्याण पाण्याखाली गेले. अशा वेळी बुडालेल्या दुचाकींवर पहिला उपाय वाटी उघडून ती पेट्रोलने धुण्याचा असे, आणि तो रस्त्याकडेला एका पेचकसाने करता येत असे.

५. आकडे, शब्द आणि ज्ञान

या व्यवहाराची भाषा स्वतंत्र अभ्यासास पात्र आहे. जेटवर कोरलेला आकडा हे वरवर पाहता निःसंदिग्ध चिन्ह वाटते. वस्तुतः त्याचा अर्थ निर्मात्यागणिक बदलतो. डेल'ऑर्तोच्या जेटवरील आकडा छिद्राचा व्यास शतांश मिलिमीटरांत सांगतो. अमालच्या जेटवरील आकडा मिनिटाला किती घन सेंटिमीटर इंधन वाहते ते सांगतो; मिकुनीच्या षट्कोनी जेटांचेही तसेच. म्हणजे स्कूटरचा १०० क्रमांकाचा जेट आणि मोटारसायकलचा १०० क्रमांकाचा जेट यांत नावापलीकडे साम्य असेलच असे नाही. चिन्ह एक, अर्थ दोन. या परिसरात इटालियन व जपानी अशा दोन्ही परंपरांच्या गाड्या एकाच गॅरेजात येत असल्याने कारागिराला या दोन्ही संकेतव्यवस्था जाणाव्या लागत.

मापाचा आकडा बोलीत विशेषनामासारखा वापरला जातो. 'वीसचा', 'अठ्ठावीसचा' एवढे म्हटले की पुरे होते. मिलिमीटर हा शब्द कोणी उच्चारीत नाही. दोषांची नावे मात्र माणसाच्या वा जनावराच्या वागण्यावरून घेतलेली आहेत. गाडी पेट्रोल पिते, हवा ओढते, घुसमटते, दम सोडते, उचलत नाही. वाटी भरून पेट्रोल वाहू लागले की गाडी 'ओव्हर' होते; मंद चाल जुळविणे म्हणजे 'स्लो लावणे'. मिश्रण जड की हलके, हे पुस्तकी भाषेत गुणोत्तराने सांगतात. गॅरेजात ते प्लगच्या रंगाने सांगतात. भरवेगात गाडी पळवून, क्लच दाबून एंजिन तेथेच बंद करायचे व प्लग काढून पाहायचा. काळा म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे हवा जास्त, तपकिरी म्हणजे ठीक. या परीक्षेला एका पान्याखेरीज कोणतेही साधन लागत नाही.

बजाज चेतक स्कूटर सुरू होईना तेव्हा ती बाजूला आडवी कलती करून मग किक मारण्याची रीत घरोघरी होती. १९७२ साली आलेल्या या स्कूटरच्या हजारो मालकांनी कार्ब्युरेटर कधी उघडून पाहिला नसेल. तरी वाटीतील पेट्रोलची पातळी व तरंगा हलविला की एंजिनात थोडे जास्त पेट्रोल उतरते, हे त्यांच्या हातांना ठाऊक होते. तत्त्व न जाणता साधलेले हे कार्य कारागिराच्या ज्ञानाहून निराळे आहे. कारागीर मूठ किती पिळली असता दोष दिसतो, ते आधी विचारतो. आठव्या भागापर्यंत दोष असेल तर छोटा जेट व हवेचा स्क्रू. त्यापुढे पाव मुठीच्या आसपास झडपेचा तिरपा काप. पावापासून पाऊणपर्यंत सुई. त्यापुढे मोठा जेट. एका तक्रारीतून एका भागापर्यंत पोहोचण्याची ही पद्धत तर्कशुद्ध निदानाची आहे, मग ती शिकविणाऱ्याने कागदावर एक ओळही लिहिलेली नसो.

६. कायद्याचे माप

टू-स्ट्रोक एंजिनाचा मूळ दोष असा की, ताजे मिश्रण सिलिंडरात शिरत असता धूर बाहेर जाण्याची वाट उघडीच असते. त्यामुळे इंधनाचा १५ ते ४० टक्के भाग न जळताच बाहेर पडू शकतो. एका हौशी दुचाकीबाबत हे नगण्य वाटेल. परंतु याच जातीचे एंजिन १९७७ साली आलेल्या मागील एंजिनाच्या बजाज रिक्षांतही होते, आणि स्थानकापासून घरापर्यंतचा प्रवास रिक्षावर अवलंबून असलेल्या ठाणे, कल्याण व डोंबिवलीत तो निळसर धूर रोजच्या श्वासाचा भाग झाला. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली वाहनांच्या धुराविरुद्ध लोकहिताची याचिका दाखल झाली व तत्कालीन परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यानंतर नैसर्गिक वायूवर चालणारी वाहने या महानगर प्रदेशात वेगाने पसरली.

दुचाकींच्या बाबतीत बदल निकषांतून आला. २००० साली नव्या दुचाकीसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा किलोमीटरला २ ग्रॅम ठरली, हायड्रोकार्बन व नायट्रोजन ऑक्साइड मिळून तेवढीच. २००५ साली दोन्ही १.५वर आल्या व २०१० साली १वर. आरएक्स १००चे उत्पादन १९९६ सालीच संपले होते. तिच्या वंशातील आरएक्स १३५ही नव्या शतकाच्या पहिल्या दशकात बंद झाली. १ एप्रिल २०२०पासून भारत स्टेज सहा निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटारसायकलींतून कार्ब्युरेटरच गेला. त्याच्या जागी संवेदके व संगणक आले. हवेचे वजन तेच मोजतात आणि घाट चढताना इंधन तेच कमी करतात.

जुन्या गाड्यांतील फेरफारावर मोटार वाहन अधिनियम, १९८८च्या ५२व्या कलमाचे नियंत्रण आहे. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलांशी नोंदणीतील तपशील विसंगत होतील असा फेरफार करू नये, असे हे कलम २०००च्या दुरुस्तीपासून सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये त्याचा कडक अर्थ लावला. येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. एमएच-०४ वा एमएच-०५ क्रमांकाच्या गाडीच्या नोंदणी-पुस्तकात एंजिनाची क्षमता लिहिलेली असते, कार्ब्युरेटरचे माप लिहिलेले नसते. धुराची नियमित तपासणीही गाडी जागेवर मंद चालीत ठेवून होते. २००४च्या ऑक्टोबरपासून २०००नंतरच्या टू-स्ट्रोक दुचाकींसाठी कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३.५ टक्के धरली गेली. परंतु मंद चालीत काम करतो तो छोटा जेट. मोठा जेट व मार्गाचा व्यास यांचा खरा परिणाम मूठ पिळल्यावर दिसतो आणि त्या वेळी तपासणीची नळी जोडलेली नसते. म्हणजे कायद्याने मापाचा अधिकार घेतला खरा, पण त्याच्या मोजणीच्या साधनाला माप दिसतच नव्हते. कारागिराला जे प्लगच्या रंगात दिसत होते, ते प्रमाणपत्रात उतरले नाही.

मातीच्या शर्यतींसाठीच्या दुचाकींना सार्वजनिक रस्त्यावर स्थान नाही, आणि त्या क्षेत्रात कार्ब्युरेटर अद्याप टिकून आहे. तेथेही पालट सुरू झाला आहे. बजाज ऑटोने २००७ साली ज्या ऑस्ट्रियन केटीएम कंपनीत भागभांडवल घेतले, तिनेच २०१७ साली मातीवर धावणाऱ्या टू-स्ट्रोक गाड्यांत इंधन-अंतःक्षेपण आणले.

७. समारोप

या विवेचनावरून तीन निष्कर्ष काढता येतील. पहिला असा की, मोठे माप म्हणजे मोठी शक्ती हे समीकरण चुकीचे आहे. माप हे अपेक्षित कामाचे फल होय, आणि सव्वाशेची मोटोक्रॉस व तीनशेची ट्रायल गाडी यांची तुलना त्याचा निर्णायक पुरावा आहे. दुसरा असा की, कारागिराने केलेला फेरफार जेथे भूगोल, ऋतू व चाल यांचा विचार करून झाला तेथे तो निर्मात्याच्या निवडीइतकाच शास्त्रीय होता. जेथे तो केवळ आकड्याच्या मोहाने झाला, तेथे त्याची किंमत एंजिनाने व शेजाऱ्यांच्या फुप्फुसांनी मोजली. धुरावरील निर्बंध आवश्यक होते, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

तिसरा निष्कर्ष अभ्यासकांच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. निर्मात्याचे ज्ञान पुस्तिकांत राहिले व शासनाचे राजपत्रांत राहिले. कारागिराचे ज्ञान शब्दांत, हातांत व शिष्यांत होते, आणि २०२०नंतर शिकाऊ मुलासमोर कार्ब्युरेटर असलेली नवी मोटारसायकल क्वचितच येते. ज्यांनी १९८०च्या दशकात हे काम शिकून घेतले, ते आता साठीच्या आसपास आहेत. त्यांची परिभाषा, त्यांची निदानपद्धती आणि त्यांच्या वह्यांतील जेटांचे आकडे जर टिपून ठेवले नाहीत, तर ठाणे जिल्ह्याच्या औद्योगिक इतिहासात कारखाने दिसतील, न्यायालये दिसतील, आणि मधल्या चाळीस वर्षांची जागा कोरी राहील. हे काम ध्वनिमुद्रक, शब्दसूची व प्रत्यक्ष मुलाखती यांच्या साह्याने करता येण्याजोगे आहे. भाषा व इतिहास या दोन्ही विभागांनी ते एकत्र हाती घेणे उचित ठरेल, आणि त्यास विलंब न करणे अधिक उचित.